लांब नळीची रायफल

नेमबाजी क्लबातल्या बंदूक-मिस्त्रींना सगळे झटपटराव म्हणायचे, आणि खोटं कशाला बोला, ते नाव त्यांना शोभायचंही. तुम्ही "मिस्त्री, जरा..." म्हणायचा अवकाश, की "कळलं!" म्हणून स्वारी पाना घेऊन निघालीच. काय कळलं, देव जाणे! एकदा सेक्रेटरींनी चष्मा पुसायला फडकं मागितलं, तर यांनी त्यांची बंदूकच खोलून ठेवली.

बायको अगदी उलट. शांत बाई. एक वाक्य सुरू केलं की भाजी निवडता निवडता सावकाश शेवटाला न्यायची. म्हणजे न्यायला बघायची. लेक कॉलेजात गेली, तरी नवऱ्यापुढे तिचं एक वाक्य पुरं झालं नव्हतं. चाळिशीत तिनं रायफल हातात घेतली आणि बघता बघता क्लबातल्या भल्याभल्यांना मागे टाकलं. रविवारी संघाची निवड होती. जागा चार, आणि त्यातली एक तिला हवी होती. आयुष्यात पहिल्यांदाच बाईनं स्वतःसाठी काही मागितलं होतं.

तिची रायफल आपोआप भरणारी. गोळी सुटली की बॅरलच्या, म्हणजे गोळी जाते त्या मुख्य नळकांड्याच्या, बारीक भोकातून थोडा गॅस वरच्या वेगळ्या नळीत शिरतो, मागे येतो आणि बोल्टला, म्हणजे मागच्या सरकत्या दांड्याला ढकलतो. बोल्ट मागे जाताना झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, येताना नवं काडतूस भरतो. तिच्या रायफलीचं भोक पार पुढे, म्हणून नळी लांब. गॅस जरा उशिरा यायचा, जोर ओसरून यायचा. धक्का कसा, कुणी खांद्यावर हात ठेवावा तसा.

झटपटरावांना नेमकं तेच खुपलं. "ही रायफल आहे की झोपाळू म्हैस!" म्हणत त्यांनी निवडीच्या आठवडाभर आधी दुसरी बॅरल चढवली. भोक जवळ, नळी आखूड. सांगितलं होतं कुणी? कुणीही नाही. उतावळा नवरा, दुसरं काय!

आखूड नळीतून गॅस आला तो तणतणतच. धक्क्यानं बाईंचा खांदा काळानिळा झाला. पुंगळ्या अशा उडायला लागल्या, की शेजारी उभ्या राहणाऱ्या वकीलबाई सरावाला हेल्मेट घालून यायला लागल्या.

"अहो, ऐका ना, ती नळी—"

"कळलं! होईल सवय."

दुसऱ्या दिवशी, "अहो, पुंगळी अडकतेय, मला वाटतं—"

"कळलं! तेल घालतो."

तिसऱ्या दिवशी ती खांद्याला हळद लावून सरावाला गेली.

रविवारी पहिल्याच फेरीत रायफल अडकली. गोळी झाडली की पुंगळी फुगून घट्ट बसते, क्षणभर थांबलं की सैल होते. पण आखूड नळी कुठली तेवढा दम खाऊ देतेय! बोल्टनं आधीच हिसका मारला. पुंगळीची कड तुटून आली आणि पुंगळी राहिली आत. पंच म्हणाले, "राहिलेल्या गोळ्या शेवटच्या फेरीत झाडा. पण तोवर दुरुस्त करा, नाहीतर नाव कापतो."

झटपटरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "जुनी बॅरल! घरी, कपाटात!"

"अहो, ऐका, ती—"

"कळलं!" म्हणत गडी सुसाट सुटला.

कपाट रिकामं. खाटेखाली बघितलं, माळ्यावर बघितलं, शेवटी पिठाच्या डब्यातही हात घातला. कोपरापर्यंत पांढरे होऊन, रिकाम्या हातानं, रडकुंडीला येऊन परतले. "घालवलं गं मी तुझं सगळं," एवढंच बोलता आलं.

बायको बाकावर बसली होती. मांडीवर टॉवेल, आणि टॉवेलात जुनी बॅरल, नळीसकट.

"ही... ही कुठे होती?"

"सकाळपासून माझ्या पिशवीत. तेच तर सांगत होते."

काखेत कळसा नि गावाला वळसा! वकीलबाई हेल्मेटमधूनसुद्धा हसल्या.

झटपटरावांनी जुनी बॅरल चढवायला घेतली, तर पिठाच्या हातांतून नळी निसटायला लागली, जागेवर काही बसेना. बायको म्हणाली, "आधी ते पीठ पुसा. मग एक श्वास घ्या. मग नळी बसवा, आणि नेम जुळवायला मला दोन गोळ्या झाडू द्या."

वाक्य पुरं झालं. झटपटराव मधे बोलले नव्हते. त्यांनी आधी हात पुसले.

शेवटच्या फेरीत पुंगळ्या तिच्या कोपराजवळ टपटप पडत राहिल्या. बाई चौथी आली. शेवटची का होईना, पण जागा मिळाली!

घरी जाताना तिनं सगळी हकिकत सांगायला घेतली, अगदी पहिल्या गोळीपासून. कोपऱ्यावर झटपटरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. जिन्यात पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. दाराशी पोचले तेव्हा हकिकत जेमतेम अर्ध्यावर आली होती. ते किल्ली हातात धरून तसेच उभे राहिले.

शेजारीणबाई बाहेर आल्या. "काय हो, कुलूप उघडत नाही का?"

"शू!" झटपटराव म्हणाले. "तिचं बोलणं व्हायचंय अजून."