फोनशिवायचा घास

स्वतःची दोन मुलं मोठी होऊन आपापल्या संसाराला लागली, घर खायला उठलं, तेव्हा मावशींनी शेजारणीचं मूल सांभाळायला घेतलं. एकाची चार झाली. कोण गाजर गालात दडवून ठेवतं, कोणाला घासाआधी पाणी लागतं, सगळं त्यांना तोंडपाठ.

पाचवी आली ती तीन वर्षांची. आईने पिशवीतून दोन फ्रॉक, डबा आणि एक जुना फोन काढला.

"मावशी, हा लावल्याशिवाय ती तोंड उघडत नाही. वजन वाढत नाहीये तिचं. पंधरा दिवसांनी पुन्हा डॉक्टरकडे न्यायचंय. वाढलं नाही तर मी नोकरी सोडायची, असं घरात ठरलंय."

"कोणी ठरवलं?"

"सगळ्यांनी."

मावशींनी फोन लावला. राणीसरकारांनी तोंड उघडलं. पण बाकीचे तिघेही चमचे टाकून तिच्यामागे येऊन बसले. चार तोंडं उघडी, नजरा फोनवर; आपण गाजर खातोय की पुठ्ठा, कोणाला पत्ता नाही. चौथं, एक वर्षाचं बाळ तेवढं मावशींकडे बघत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन कपाटात ठेवला.

राणीसरकारांनी घर डोक्यावर घेतलं. दूध प्यायली, डब्याला शिवली नाही. संध्याकाळी मावशींनी काही न लपवता सांगितलं.

आईचा चेहरा उतरला. "उपाशी ठेवलंत तिला?"

"ठेवलं नाही, राहिली. तुमच्या घरी जेवताना कोण कोणाशी बोलतं गं?"

"वेळ कुठे असतो, मावशी?"

दुसऱ्या दिवशी मावशी बाळाला भरवत होत्या, तेवढ्यात दारावर दूधवाला आला. त्यांनी चमचा राणीसरकारांच्या हातात दिला. "जरा बघ याच्याकडे." परत येऊन बघतात तर बाळ फुर्र करून सगळं उडवतंय, आणि ही कमरेवर हात ठेवून रागावतेय, "असं नाई करायचं! हे बघ, असं खायचं!" आणि मोठा घास स्वतःच्या तोंडात. बाळ हसलं. तिने आणखी एक खाऊन दाखवला. मावशी दारातच थांबल्या. बाळाला नंतर भरवता येणार होतं.

मग तिच्याच डब्यातून हा रोजचाच धडा झाला. बाळ शिकेना, बाई शिकवायचं सोडेनात, डबा रिकामा.

आई ऐकून खूश झाली, मग एकदम हिरमुसली. "पण घरी मी बाळ कुठून आणू?"

"नवरा आहे ना?"

"मावशी!"

"अगं, त्याला बसव तिच्यासमोर. म्हणावं, याला जेवता येत नाही, फोनकडे बघत सांडतो. शिकव जरा."

वजनाच्या दिवशी आई संध्याकाळी लगबगीने आली, चपलाही न काढता दारातूनच म्हणाली, "तीनशे ग्रॅम!"

मावशी खाली बसल्या. पंधरा दिवस त्यांचाही घास घशाखाली नीट उतरला नव्हता. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

"मग? नोकरीचं?"

"उद्या सकाळी नेहमीच्या वेळेला आणते हिला."

"आण. आणि जावईबापूंचं काय?"

"त्यांचं दीड किलो वाढलंय. शिकवणी बंद करा म्हणतात."