गाढवाचा खटला आणि जज टेंभुर्णे

हरीश टेंभुर्णे मूळचा नागपूरचा. डब्लिनमधल्या ग्रँड कॅनाल डॉक भागातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा आणि शहराबाहेर, नावन गावाच्या पलीकडे, एका आयरिश खेड्याच्या टोकाला बायको इरावतीसोबत राहायचा. ऑफिसात त्याने तोंड उघडलं, की नेमकं दुसरंच कुणीतरी बोलायला लागायचं.

त्या खेड्याला अभिमान एकाच माणसाचा, थॅडी मॅकगिलचा. हा थॅडी कैक पिढ्यांपूर्वी अमेरिकेच्या नव्याने वसणाऱ्या सरहद्दीच्या मुलखात जाऊन जज झाला. कोर्ट नव्हतं, म्हणून दारूच्या पिंपावर बसून निवाडे करायचा. पुढे निवडणूकही जिंकला, कारण समोरच्या उमेदवाराला त्याने आधीच कोठडीत टाकलं होतं. दर उन्हाळ्यात गाव त्याचं नाटक करायचं. यंदा जज होणाऱ्याचा गुडघा गेला, आणि जजचा ढगळ कोट गावात फक्त हरीशच्या पोटावर नीट बसला.

"पण मी इंडियन आहे," हरीश म्हणाला.

"थॅडीला तरी कुणी पाहिलंय?" नाटक बसवणाऱ्या नोरीनबाई म्हणाल्या. "तू अगदी ग्रँड दिसतोस."

प्रयोगात हरीश पिंपावर बसला आणि प्रेक्षकांतून मायकल आणि शेमस हे दोन म्हातारे भाऊ उठले. एका गाढवावरून त्यांचं बोलणं बंद होतं.

मायकलने टोपी काढली. "जजसाहेब, आमचंही बघा."

हे नाटकात नव्हतं. नोरीनबाई घाईघाईने कागद चाळू लागल्या.

"गाढव माझ्याकडे खातं," शेमस म्हणाला.

"आणि ओरडतं माझ्या खिडकीखाली!" मायकल म्हणाला.

सगळं गाव हरीशकडे बघत होतं. हरीशला फार बरं वाटलं. "आजपासून उलट," त्याने फर्मावलं. "खाईल मायकलकडे, ओरडेल शेमसकडे."

"पण गाढवाला कसं कळणार?" शेमसने विचारलं.

"दोघांनी मिळून हुकूम वाचून दाखवा."

भाऊ खरंच गेले. दोघांना एकाच चष्म्यातून वाचताना लोकांनी पाहिलं.

मग हरीशच्या दारात रांग लागली. "बाहेर एक जोडपं घटस्फोट मागतंय," इरावती म्हणाली. "चहा ठेवू?" चहाबरोबर चकली आली, आणि शेवटची चकली कुणी घ्यायची यावर त्यांचं इतकं एकमत झालं, की ती दोघं तशीच घरी गेली.

शरदात गावसमितीची निवडणूक आली. नोरीनबाईंनी हरीशला उभं केलं. विरुद्ध होता पबवाला डेक्लन. मतदानाच्या आठवड्यात तो टूथब्रश आणि उशी घेऊन हजर झाला.

"मला कोंडा," तो म्हणाला. "परंपरा आहे."

"अरे, तसं काही नको!"

"जजसाहेब, लोक काय म्हणतील?"

शेवटी त्याला परसातल्या शेडमध्ये ठेवलं. इरावती त्याला सकाळी पोहे द्यायची. त्याने तिथूनच हरीशला मत दिलं. हरीश निवडून आला आणि शेडचं दार उघडायला धावला.

"सुटलास तू!"

डेक्लनचा चेहरा पडला. "इतक्यात? निदान रविवारपर्यंत तरी द्या ना."

हरीशने इरावतीकडे पाहिलं. "पोहे आहेत अजून," ती म्हणाली.

मग रविवारपर्यंतची शिक्षा झाली. डेक्लनने ती आनंदाने भोगली.