डाव्या कुशीवर

"पोटुशी बाईचे पाय सुजायचेच!" असं म्हनले तुमचे बाबा? आनि वर, "स्ट्रेचर ढकलनाऱ्याला काय कळतंय"? कळतंय, जावईबापू! निजामपुऱ्यातल्या बाळंतपनाच्या दवाखान्यात चार वर्सं ड्युटी हाय माझी. साळा दुसरीपत्तोर, पन दारात उभं राहिलं की किस्से साठतात, चपलांवानी. पोर माझी हाय. बसा. ऐका.

•

आमची डॉक्टरीनबाय एका सासूला समजावत व्हती, "गर्भपिशवीच्या नसा एरवी बारीक, आवळलेल्या. दिवस गेले की त्या रुंद, सैल व्हायला हव्यात. मग रक्त न अडता बाळाकडे जातं. नाही झाल्या, तर बाळ बारीक राहतं, आईचं प्रेशर चढतं, अंगावर सूज येते."

मला ऱ्हावलं न्हाय. "म्हंजे भाताचा पाट! पानी सोडायच्या आदी खनून रुंद करतो, तसा!"

"अगदी तसा. पण इथं खणतं कोण? बाळाचीच वार."

"आयला! जल्माच्या आदीच कामाला लागलं! आनि बाप बगा!"

बाप बाकड्यावर घोरत व्हता.

•

एक लूमवाला भाई व्हता, जॉबर, माग दुरुस्त करनारा. बायकोचं तपासताना बाईंनी त्याच्या कानाला नळी लावली. भाईचे डोळे मोठे झाले. "डॉक्टरनी साब, अंदर तो लूम चालू है!"

"बच्चेदानी की नसों में खून दौड़ रहा है. उसकी आवाज है."

भाईनं हात जोडले. "हमारे यहाँ तो रोज बिजली जाती है. यहाँ मत जाने देना!"

•

एका म्हातारीनं सुनंचं जेवन अर्ध्यावर आनलं. का, तर पोर मोठं झालं की अडंल! मी वॉर्डात असा काय वरडलो की बाईंनी मलाच खुर्चीवर बसवलं, दंडाला पट्टा बांधला, फुसफुस हवा भरली.

"सगळ्या वॉर्डात जास्त प्रेशर तुझं! आता मीठ तू बंद कर."

म्हातारी पदरात हसली. पन सांच्याला सुनंला दोन भाकरी वाढल्या तिनं.

•

आता आंबाडीकडची एक. पहिलटकरीन. तुमच्या बायकोवानीच पाय सुजलेले, डोकं ठनकतंय. बाई म्हनाल्या, "डाव्या कुशीवर झोप. पोटाचा भार मोठ्या नसेवर नको." मी बगतो तर पोरगी उजव्या कुशीवर! चारदा सांगितलं, चारदा तेच. मंग मी तापलो. "कान हायत का न्हाय?"

रडायलाच लागली. हळूच म्हनली, "तिकडं मामंजी बसल्यात. त्यांच्याकडं तोंड करून कशी निजू?"

मी खाट धरली आनि पोरीसकट गरकन फिरवली! डोकं तिकडं, पाय इकडं. आता डाव्या कुशीवर निजली की तोंड भिताडाकडं.

सासरा बगत व्हता. घोंगडी उचलली, भायेर गेला, फाटकापाशी उनात बसला. दोन दिवस. मी म्हनलो, "बाबा, खाट फिरवलीय, आत या." मुंडी हालवून न्हाय म्हनला.

तिसऱ्या दिवशी मीच धावत गेलो. "मुलगी झाली! दोघी बऱ्या हायत. चला आत!"

उठला. दारापत्तोर आला, थांबला. मला इचारतो, "कुठल्या कुशीवर हाय?"

•

चहा ठेवा खाली. तुमच्या बाबांना इचारायचं न्हाय. आत्ताच्या एस्टीनं गावी जा आनि आज माझ्या पोरीला हितं दवाखान्यात घेऊन या. उठा!