कोरड्या टबातली आंघोळ

लेकीच्या परदेशातल्या गॉलवे गावच्या थंडीत खोबरेल तेल पातळ म्हणून नसतंच. एप्रिल लागला, संध्याकाळचा उजेड आठ वाजेपर्यंत खिडकीशी रेंगाळू लागला, तरी बरणीतलं तेल आपलं पांढरं आणि घट्ट. रोज सकाळी मी ते वाटीत खरवडून घेई, वाटी गरम पाण्यात ठेवी, आणि कडेकडेनं ते पारदर्शक होऊ लागलं की त्या बंद खिडक्यांच्या, कार्पेट अंथरलेल्या घरात एकदम माझ्या सांगलीच्या न्हाणीघराचा वास दरवळे. मग माझी लेक सायली बाळाला घेऊन येई, माझ्या मांडीवर ठेवी आणि लगेच दोन पावलं मागं सरके. शेजारणीची वाटी परत करून मोकळं व्हावं, तशी.

आंघोळ आमची टबात. म्हणजे टब कोरडा आणि टबात मी! पायांवर न्हाऊ घालायचं तर पाय लांब पसरायला ऐसपैस जागा हवी, आणि त्या न्हाणीघरात तेवढी जागा फक्त टबातच होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचून, बुडाखाली टॉवेलाची घडी घेऊन मी टबात बसे. नात रेवा माझ्या पायांवर पालथी. डाळीचं पीठ आणि साय, मग मगानं कढत नव्हे, कोमट पाणी. आमच्या गल्लीतली कितीतरी पोरं या पायांवर न्हालेली आहेत, त्यामुळे ही चिमुरडीही कधी रडली नाही. पाणी अंगावर पडलं की ती एक दीर्घ सुस्कारा टाकी आणि डोळे मिटी. त्या सुस्काऱ्यासाठी मी गुडघ्यांचं दुखणं विसरत असे, आणि पुढे जावई केदार मला हाताला धरून टबाबाहेर ओढी, तेव्हा आम्ही दोघंही हसत असू.

सायली हसत नसे. बाळंतिणीनं सव्वा महिना वाकायचं नाही, पाण्यात हात घालायचा नाही, एवढंच मला ठाऊक. म्हणून बाळाचं सारं मीच ओढून घेतलं होतं. तिच्याकडे रेवा जाई ती केवळ पिण्यापुरती. सव्वा महिना कधीच सरला, पण ना मी सोडलं, ना तिनं मागितलं. बाळ तिच्या हातात ताठरे, ओरडे. ती घाबरून "घे गं आई" म्हणे. मी घेई, बाळ गप्प होई. अंगावरचं पिणारं बाळ आईपाशीच रडावं, हे मला खुपत होतं, पण बोलून दाखवलं नाही. आणि पुढच्याच महिन्यात माझं परतीचं विमान होतं. त्यानंतर केदार सकाळी उपकरणांच्या कारखान्यात गेला की दिवस मावळेपर्यंत त्या घरात या दोघीच.

या देशाचं एक मला फार आवडलं, खोटं का बोलू? बाळ जन्मलं की ते कुणाचंही असो, गोऱ्याचं की काळ्याचं, भाड्याच्या घरातलं की बंगल्यातलं, त्या भागाची नर्स आपल्या पायांनी घरी येते. आमची नोरीन. पन्नाशीची, गुबगुबीत, दारात पावसाळी बूट काढून मोज्यांवर आत येणारी. मला पहिल्या दिवसापासून तिनं 'आजी' हाक मारायला सुरुवात केली. बाळाला वावडिंग-ओव्याची धुरी देऊ नका, एवढ्या एका गोष्टीवर आमचं वाजलं. तिचंही बरोबर असेल, म्हणून मी पडतं घेतलं. बाकी ती बाळाचं वजन करी, टाळूवरून हात फिरवी आणि सगळं ग्रँड आहे म्हणून सांगे.

त्या दिवशी ती आली तेव्हा मी टबातच होते. ती दाराशी उभी राहून आमचा सोहळा पाहत राहिली, कौतुकानं मान हलवत राहिली. नंतर खाली बैठकीत तिनं सायलीला विचारलं, बाळ रात्री कसं शांत होतं? मी सांगितलं, छान होतं. दुपारी? दुपारीही छान, मी मांडीवर घेते ना. प्रश्न सायलीला, उत्तरं माझी. टेलिफोन खात्यात जन्म गेला माझा, गप्प बसणं शिकलेच नाही. नोरीननं आपली पिशवी बाजूला ठेवली, सायलीच्या शेजारी जाऊन बसली आणि आजी गेल्यावर काय करणार, असं अगदी हळू विचारलं.

सायली दुपट्याच्या काठाशी चाळा करू लागली. मग म्हणाली, "मला नाही जमायचं. मी घेतलं की रडते. तिला आजीच हवी असते."

नोरीननं माझ्याकडे पाहिलं आणि हसूनच म्हणाली, "आजी, हात तुमचे सोन्यासारखे आहेत. थोडे दिवस ते खिशात ठेवाल का?"

मला मेलीचा असा राग आला! साता समुद्रापलीकडून आले, पायांत गोळे आले, आणि ही मला हात आवरायला सांगते? जावयाचं जाकीट अंगावर चढवलं आणि तरातरा बाहेर पडले. घरामागची वाट दगडी कुंपणांमधून समुद्राकडे चढत जाते. पाऊस नुकताच सरून गेला होता, उजेड धुतल्यासारखा होता, आणि दोन्ही बाजूंना पिवळ्याधमक फुलांची काटेरी झुडपं पेटल्यासारखी फुलली होती. ती झुडपं मी रोज लांबून पाहिली होती, जवळ कधी गेले नव्हते. त्या दिवशी गेले, आणि थबकले. त्या काट्यांना नारळाचा वास येत होता. खोटं वाटेल, पण खवलेल्या नारळाचा, गोडसर. माझ्या वाटीतल्या वासाची मक्तेदारी माझ्याकडे नव्हती तर! राग होता तो तिथेच कुठेतरी सांडला, आणि मी ओल्या दगडावर बसून राहिले.

सायलीच्या वेळी मला तरी काय येत होतं? सासूबाई न्हाऊ घालत, समोरच्या काकू तीट लावत, आणि सासूबाई गावाला गेल्या तर काकू होत्याच, काकू नसल्या तर आणखी कुणी. गल्लीभर मांड्या होत्या. माझं शिकणं पुढे सावकाश झालं, तरी बाळाचं काही अडलं नाही. इथे बाळाला सगळं मिळतं. उबदार घर, स्वच्छ हवा, घरी येणारी नर्स, रंगीत पाळणा. मांडी मात्र एकच, सायलीची. आणि तीच मांडी माझ्या लाडापायी घाबरून बसली होती. मी तिच्यासाठी आले होते की माझ्यासाठी, हा प्रश्न त्या वाऱ्यात मला नीटसा सोडवता आला नाही.

दुसऱ्या दिवशी तेल मीच पातळ केलं, पण वाटी सायलीच्या हाती दिली. ती टबात बसली, पायजमा वर गुंडाळून, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. मी काठावर. मान धर, पाणी बघ, कानात जाईल, अगं हळू! रेवानं घर डोक्यावर घेतलं. सायलीनं हातातला मग खाली ठेवला आणि वर न पाहता म्हणाली, "आई, तू बाहेर थांब."

मी दार लोटून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. आत रडणं टिपेला पोचलं होतं. माझे हात नुसते शिवशिवत होते. दोनदा उठले, दोनदा बसले. आता बोलावेल, मग बोलावेल. आणि मग रडण्याच्या आडून सायलीचा आवाज आला, मी कधी न ऐकलेला, खालचा, लाडानं समजावणारा. "हो गं हो, गेलं ना कानात पाणी, चुकलं माझं. मला पण नवीनच आहे सगळं. तू पण नवीन, मी पण." मगातून पाणी पडलं. पुन्हा पडलं. रडण्याचे हुंदके झाले, हुंदक्यांतलं अंतर वाढत गेलं, आणि शेवटी पाण्याचाच तेवढा आवाज राहिला.

कितीतरी वेळानं दार उघडलं. सायली नखशिखांत भिजलेली, केसांना पीठ लागलेलं, छातीशी दुपट्यात गुंडाळलेली रेवा, तिचे डोळे अर्धे मिटलेले. मी सवयीनं दोन्ही हात पुढे केले.

"असू दे गं," ती कुजबुजली. "झोपेल ती माझ्याजवळ."

मला किती आनंद झाला हे सांगता येत नाही, आणि तेव्हाच डोळे का भरून आले हेही नाही. पुढे केलेले हात मागे घेतले, भिंतीला टेकले आणि त्या दोघींना जायला वाट दिली.