सरांचा ओटा बंद करताना

सर गेल्याचं मला फोनवरच्या ग्रुपमधून कळलं. हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली होती आणि तिच्या मधेच कुणीतरी लिहिलं होतं, सरांच्या नावानं काहीतरी भव्य झालं पाहिजे. भव्य... हा शब्द सर आमच्या वह्यांमधून खोडायला लावायचे. याला आता दीड महिना होत आला. दुःख निवळतं म्हणतात. माझ्या दुःखाचा राग झाला आहे.

इंगळे सर पुण्याला आर्किटेक्चरच्या कॉलेजात आम्हाला डिझाइन शिकवायचे. निवृत्तीनंतर ते नांदुऱ्याला, आपल्या घरी परतले. मीही नांदुऱ्याचीच, पण इंग्रजी शाळेतली. पहिल्या सादरीकरणात मी मान खाली घालून ‘सर्क्युलेशन’, ‘ट्रान्झिशन’ असं बरंच काही म्हणून टाकलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि भर वर्गात विचारलं, “ते समदं ठीक हाय. पण या दारातून कोण येऊन राह्यलं वं? तिच्या हातात काय हाय?” पुण्याची मुलं हसली. मग ते म्हणाले, बोलता येत नसेल तर काढून दाखव. मी दोन्ही हातांत बादल्या घेतलेली बाई काढून नेली. तिच्यामुळे माझं दार ओढायचं होतं ते ढकलायचं झालं. पुढे मला ‘मोठ्यानं बोल’ असं सर कधीच म्हणाले नाहीत. बाकी सगळे म्हणायचे.

धामणगाव बढेच्या अलीकडच्या एका गावात सरांनी वाचनालय बांधून दिलं. त्यांची रीत अशी की जागेवर आधी नुसतं बसायचं आणि कागद नंतर उघडायचा. तिथे बसले असता त्यांना दिसलं, एसटीची वाट पाहणारे पुरुष टपरीच्या बाकड्यावर बसतात आणि बायका उन्हात उभ्या राहतात. म्हणून वाचनालयाच्या उत्तरेला, रस्त्याच्या बाजूनं, त्यांनी खोल छपराचा उघडा ओटा काढला. त्याच्या एका टोकाला छातीएवढ्या उंचीची रुंद भिंत ठेवली. डोक्यावरचं गाठोडं बाईला एकटीनं तिथे टेकवता यावं, उतरवायला कुणाला हाक मारावी लागू नये, एवढ्यासाठी. पुस्तकं आत असतात, पण त्या इमारतीत सगळ्यात जास्त माणसं या ओट्यावर असतात.

आता वाचनालयाच्या कमिटीनं ठरवलंय, ओटा बंद करायचा. तिन्ही बाजूंनी काच, खाली चकचकीत टाइल, मधोमध सरांचा अर्धपुतळा. ‘स्मृतिदालन’. त्याचा नकाशा मी काढायचा, कारण मी त्यांची लाडकी विद्यार्थिनी. गाठोड्यांची ती भिंत आड येते, ती पाडायची.

अध्यक्षांनी मला चहाला बोलावून हे सांगितलं. भला माणूस. सरांबद्दल बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून तर माझा संताप आणखी वाढला. वाईट माणसाशी भांडता येतं. मी कसंबसं विचारलं, मग बायका कुठे बसतील?

“बायाइचं काय, ताई, त्या कुठंबी बसतात.”

त्यांनी हे हसत, सहज म्हटलं. मी चहाची बशी खाली ठेवली आणि नकाशा काढणार नाही, असं सांगितलं.

“काऊन? सरांचं नाव राह्यलं पाह्यजे का नाही? मंग ते नाव टाकू कुठं?”

“टाकू नका,” मी म्हणाले. आवाज बराच मोठा निघाला असावा, कारण आतल्या खोलीतून त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली.

नकाशा त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतला. तसं होणारच होतं. सरांना ओळखणारी, त्यांच्यावर माया करणारी माणसं त्यांनी केलेली सर्वांत शहाणी गोष्ट फोडायला निघाली आहेत, तेही हार घालून... याचं काय करायचं ते मला माहीत नाही. लेख लिहून भिंत वाचत नाही.

काल तिथे गेले होते. ओटा अजून उघडा आहे. जागा नव्हती, तर एका म्हाताऱ्या बाईनं पिशवी मांडीवर घेतली आणि “बस ना वं” म्हणाली. सोमवारी ओटा बंद करायला गवंडी येणार, हे मी तिला सांगितलं. तिनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं पलीकडे. मग म्हातारी म्हणाली, “येऊ दे त्याले. आपून बसूनच राहू.”

सोमवारी मीही तिथेच बसणार आहे.