नॉर्थम्बरलंडच्या वहिनी

"लाटणं दे गं," असं म्हणून वहिनींनी स्वयंपाकघरात हात पुढे केला, की मी समजायचे, आज पोळ्या नाहीत. लाटणं हॉलमध्ये जायचं. टीव्हीवर फोटो लागायचे आणि वहिनी लाटण्याच्या टोकाने इंग्लंडमधला एक जिल्हा दाखवायच्या. त्या दिवशी जेवायला पावभाजी असायची. ते लाटणं आता माझ्याकडे आहे. त्याच्या एका टोकाला बारीक चीर गेली आहे, कारण एक किल्ला त्यांनी जरा जोरात दाखवला होता आणि मध्ये टीव्हीचं स्टँड आलं.

हे मस्कतला, अझैब्यात. साहेब कुरुमच्या एका ऑफिसात इंजिनियर होते. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला होते आणि मागच्या खोलीत राहायचे. सगळी मराठी मंडळी साहेबांच्या बायकोला वहिनी म्हणायची, म्हणून मीही. त्यांचा एकुलता एक मुलगा शिकायला इंग्लंडला गेला आणि तिकडेच नॉर्थम्बरलंडात नोकरीला राहिला. सहा वर्षांनी त्याने आईवडिलांना आठ दिवस बोलावलं. त्या आठ दिवसांत वहिनींनी अकरा ठिकाणं पाहिली आणि पुढची दोन वर्षं ती अझैब्याला दाखवली.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. एकदा कुठे जाऊन आली, की पुरती परत येत नाहीत. बाहेर डांबर मऊ व्हायची वेळ, आणि वहिनी एसी सोळावर ठेवून स्वेटर घालायच्या. "आमच्या काउंटीत या दिवसांतही स्वेटर लागतो." मी एकदा चुकून जिल्हा म्हणाले, तर म्हणाल्या, "जिल्हा रत्नागिरी गं. ही काउंटी." साहेब शाल ओढून पेपर वाचायचे.

एकदा मंडळींची सहल निझव्याला गेली. तिथला किल्ला म्हणजे डोंगराएवढा एकच गोल बुरूज. सगळे माना वर करून बघत होते. वहिनी म्हणाल्या, "छान आहे. पण हिरवळ नाही." तेवढ्यावर न थांबता तिकीट देणाऱ्या ओमानी माणसाला त्यांनी इंग्रजीतून नीट समजावून सांगितलं, की इथे गवत लावा. त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "इन्शाल्ला." वहिनी खूश. मला वाटतं, तोही खूश असावा.

माझी शाळा चौथीपर्यंत झाली, पण चौथीच्या इतिहासात किल्लेच किल्ले. त्यामुळे फोटो लागले, की मी दारात उभी राहून वाट बघायचे. आता सांगतील, हा गड कोणी घेतला, कडा कोण चढलं, दरवाजा आतून कोणी उघडला. वहिनी लाटणं ठेवून सांगायच्या, "हा ॲनिकचा किल्ला. इथला स्कोन फार सुंदर." स्कोन म्हणजे एक प्रकारचा गोड पाव. मग समुद्राकाठचा बॅम्बराचा किल्ला यायचा. तिथला स्कोन जरा कोरडा होता.

मग भिंत. छातीएवढी दगडी भिंत आणि तिच्यापलीकडे मेंढ्या. "ही हेड्रियनची भिंत. रोमन राजाने बांधली. या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत."

सोहारच्या कारखान्यातले एक भावोजी आले होते, ते म्हणाले, "वहिनी, हा तर आमच्या कोकणातल्या आवाठातला कुंपणाचा गडगा."

"तुमचा गडगा दोन हजार वर्षं टिकलाय का भावोजी?"

"गुरं टिकू देत नाहीत हो!"

आणि या सगळ्याच्या आधी यायची ती लिस्ट. मुलाने ती टाइप करून दिली होती, वहिनींनी कुरुमला जाऊन तिच्यावर प्लास्टिक चढवून घेतलं होतं. बघण्यासारखी अकरा ठिकाणं, पुढे वेळा. नऊ वाजून दहाची बस, साडेबाराला जेवण, चार वाजता बाग, सहाला हॉटेल. ती हातोहात फिरायची. "आईसाठी केवढं केलंय बघा. एक मिनिट रिकामं ठेवलं नाही पोराने."

आता लाडवांचं सांगते. निघायच्या आधी आम्ही दोघींनी डिंकाचे साठ लाडू वळले होते. "थंडीत राहतो, डिंक पोटात जायला हवा," असं वहिनी दर चार लाडवांमागे म्हणत होत्या. स्टीलचा मोठा डबा, झाकणाला खाकी चिकटपट्टी. पट्टी मी लावली. एकदा सरळ आणि एकदा आडवी.

परत आल्यावर बॅगा मीच उघडल्या. डबा जड लागला. पट्टी होती तशी होती, एकदा सरळ आणि एकदा आडवी. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ठेव वर. पाहुण्यांना होतील." मी ठेवला.

म्हणजे अकराच्या अकरा ठिकाणं हिंडून आलेले ते लाडू पहिल्या कार्यक्रमाला बशांत होते. त्या दिवशी शेजारच्या फ्लॅटमधल्या आजी आल्या होत्या. मूळच्या साताऱ्याच्या, सुनेकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या. त्यांनी लाडू खाल्ला आणि मान हलवली. "झकास झालाय. पोराला नेलंस का न्हाई?"

"हो तर. साठ नेले."

"आन् घर कसं हाय त्याचं? मगापासनं नुसते दगुड दावतीयास. पोराचं घर दाव की."

टीव्हीवर तेव्हा लिंडिसफार्न नावाचं बेट होतं. तिथे जायचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो. वहिनींचं लाटणं त्या रस्त्यावरच थांबलं.

"घरात काय बघायचं आजी? बघायला अख्खी काउंटी आहे."

"आगं पर येक तरी फोटू? सैपाकघराचा? लाडू कुठं ठिवलं त्यानं, ते तरी दाव."

कोणी हसलं नाही. भावोजी चहाच्या कपात बघत होते. दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. साहेबांनी शाल गळ्यापर्यंत घेतली. वहिनींच्या ओठावर घाम आला होता, एसी सोळावर असताना.

मी ट्रे घेऊन दारात होते. चार वर्षांत मी त्या हॉलमध्ये चहा घ्या, यापलीकडे बोलले नव्हते. माझ्या तोंडून निघून गेलं, "डबा रिकामा आला, आजी. मीच घासला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मंग, आईच्या हातचं म्हटल्यावर ऱ्हातंय व्हय!" आजी म्हणाल्या, आणि त्याच साठांतला आणखी एक उचलला.

वहिनींनी रिमोट दाबला. लाल चोचीचे पक्षी आले.

एरवी लाटणं सोफ्यावरून मला उचलावं लागायचं. त्या दिवशी वहिनींनी ते स्वतः आत आणलं, धुतलं, पुसलं आणि जागेवर ठेवलं.

त्यानंतर मात्र वहिनींना जोर आला. पुढच्या कार्यक्रमात लाडू पहिल्याच दिवशी संपले होते. त्याच्या पुढच्या वेळी मुलाच्या ऑफिसातही वाटले गेले. चौथ्या खेपेला त्याच्या गोऱ्या शेजारणीने कृती मागितली. प्रत्येक वेळी वहिनी माझ्याकडे बघायच्या आणि मी दारातून मान हलवायचे.

मग साहेबांचं कंत्राट खलास झालं. ती दोघं पुण्याला जाणार होती. माझा व्हिसा त्यांच्यावरच, त्यामुळे मीही घरी. सामान बांधून झालं, टीव्ही तेवढा राहिला होता. भर दुपारी वहिनी म्हणाल्या, "लाटणं दे गं."

हॉलमध्ये कोणी नव्हतं. त्यांनी मला सोफ्यावर बसवलं. मी तिथे पहिल्यांदाच बसले. फोटो लागला. ओला रस्ता, विटांच्या सारख्या घरांची ओळ, एक लाल दार. फोटो समोरच्या फुटपाथवरून काढलेला, जरा हललेला.

"हा कुठला किल्ला वहिनी?"

त्यांनी लाटण्याचं टोक लाल दारावर अगदी हलकं टेकवलं.

"पोरगा एक संध्याकाळ हॉटेलात आला गं. जेवण त्यानेच दिलं. मी म्हटलं, डबा इथे नको, तुझ्या घरी गेल्यावर उघडू. शेवटच्या दिवशी ह्यांना सांगितलं, साबण घेऊन येते. पत्ता विचारत विचारत गेले. डबा पिशवीत होता."

"मग? बेल नाही वाजवली?"

वहिनींनी लाटणं दारावरून काढलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "लिस्टमध्ये नव्हतं ते."

मग त्यांनी लाटणं माझ्या मांडीवर ठेवलं आणि टीव्हीची वायर काढली.