चौबळांच्या घरचा शिकारी

खंडेनवमीला चौबळांच्या हॉलमध्ये मी उदयचं धनुष्य मोडलं. पूजा आटोपली होती. "फोटो काढा रे कुणीतरी," म्हणत मी ते पाटावरून उचललं, दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडून दिली. बाण लावलेला नव्हता, तेव्हा कुणाला इजा व्हायची नाही, ही माझी डॉक्टरी समजूत. बाणाने घेऊन जायचा तो सगळा जोर धनुष्यालाच बसतो, हे मला त्याचे दोन तुकडे झाल्यावर कळलं. एक तुकडा श्रीखंडात पडला.

तसा पूजेचा आग्रहही माझाच. नॉटिंगहॅमची मराठी माणसं खंडेनवमीला मांडून मांडून काय मांडणार? स्टेथोस्कोप, गाडीच्या किल्ल्या, फार तर फूड प्रोसेसर. त्या शहाण्णव साली घरात खरंखुरं शस्त्र असताना त्याला लेस्टरचा झेंडू का वाहू नये?

उदयने तुकडे उचलले. माझ्याकडे बघितलंही नाही.

"काका, बाण नसताना दोरी सोडायची नसते."

"अरे, मला कुणी सांगितलं होतं?"

"आर्चरी क्लबमध्ये पाच वर्षांच्या पोरांना सांगतात."

हा उदय म्हणजे आमच्या पद्माकर चौबळचा मुलगा. बाप हाडांचा डॉक्टर, आई शैला मुलांची डॉक्टर आणि चिरंजीव कौन्सिलच्या झाडं कापणाऱ्या गँगमध्ये. असंच एका चर्चच्या आवारात पडलेलं, धनुष्यासाठी नावाजलेल्या यू झाडाचं लाकूड त्याने घरी आणलं आणि गॅरेजमध्ये वाळत घातलं. लाकूड छपराखाली आणि पद्माकरची व्हॉल्व्हो पावसात, असं बरीच वर्षं चाललं. मग तासणं, वाकवणं, पुन्हा तासणं. त्याची सगळी तारुण्यातली ऊब त्या काठीला मिळाली. शैला म्हणायची, "एखादी मुलगी आणली असतीस तर मी जातसुद्धा विचारली नसती रे!"

बरं, एवढं करून शिकार काय? शून्य. या देशात धनुष्यबाणाने शिकार करायला कायद्यानेच बंदी. पोहायची हौस आणि बिऱ्हाड वाळवंटात! मग दर रविवारी हे वीर जंगलात जाऊन फोमच्या डुकरांना बाण मारणार. एकदा मीही गेलो. पाऊस, चिखल आणि झाडाआड उभं एक फोमचं हरीण. उदय त्याच्यासमोर इतका वेळ उभा राहिला, की मला वाटलं दोघंही फोमचे.

"मार की रे!"

"फांदी आहे मधे. बाण वळेल, पोटात लागेल."

"त्याच्या पोटात स्पंज आहे, उदय."

"मला माहीत आहे," तो म्हणाला आणि पुढच्या हरणाकडे निघाला. स्पंजला यातना होऊ नयेत म्हणून झटणारा शिकारी मी पहिल्यांदाच पाहिला.

बंदुकीबद्दल विचारलं तर नाक मुरडायचा. "ते हंटिंग नाही, ते पोस्टाच्या पेटीत पत्र टाकणं आहे." पुल्या, दुर्बीण वगैरे लावलेल्या नव्या धनुष्यांना तर तो सायकल म्हणायचा. स्वतःच्या हाताने केलेलं लाकडी धनुष्य, लाकडी बाण, आणि जनावराला वास न लागू देता त्याच्या जवळ जायचं. बाकी सगळे त्याच्या लेखी खाटीक.

आणि अखेर संधी आली होती. फ्रान्समध्ये परवानगी होती; क्लबमधल्या एकाच्या ओळखीने नोव्हेंबरात तिथल्या जंगलात आठवडाभर शिकार ठरली होती. आयुष्यातलं पहिलं खरं हरीण, स्वतःच्या धनुष्याने. त्या धनुष्याला मी दसऱ्याच्या आदल्या दिवशीच सीमोल्लंघन घडवलं.

मी नवीन घेऊन देतो म्हणालो. दुकानात मिळणारं, पुल्यांचं, उत्तमातलं.

"सायकल नको, काका."

शेवटी त्याने शाळेत असताना केलेलं पहिलं धनुष्य काढलं. ते हलकं, हरणाच्या फार जवळ गेल्याशिवाय त्याचा बाण जीव घेणार नाही, नुसता जखमी करील. तेच खांद्याला अडकवून गडी फ्रान्सला गेला. तिथल्या मंडळींनी दया येऊन आपलं पुल्यांचं धनुष्य देऊ केलं, तर यानं "नो, थँक यू" म्हटलं.

परत आला तेव्हा मी मुद्दाम चौबळांकडे गेलो. मनात धाकधूक होती, पण तोंड माझंच. उदय किचनमध्ये उभ्याउभ्या टोस्ट खात होता. वजन उतरलं होतं, नाक सर्दीने लाल.

"दिसलं का एखादं?"

"एक नर आला होता. शेवटच्या दिवशी. वीस यार्डांवर थांबला."

"मग?"

"लांब होता. या धनुष्याला दहा लागतात. मी थांबलो. तो गेला."

माझा संयम संपला. "अरे गाढवा, इतकी वर्षं फोमच्या डुकरांमागे चिखल तुडवलास, समुद्र ओलांडून गेलास आणि हात हलवत आलास! ते पुल्यांचं घेतलं असतंस तर काय बिघडत होतं? हरीण मिळालं असतं की नाही?"

उदयने टोस्ट संपवला, बोटं पुसली.

"काका, तुम्ही मटणाचं बोलताय."